तोंड फिरवलेली आई

बहिऱ्या माणसांच्या घरात भांडण जिंकायची एक सोपी युक्ती असते. समोरच्याचं ऐकायचं नसेल तर तोंड फिरवायचं. झालं. ऐकू येणाऱ्याला कान मिटता येत नाहीत, त्याला शेवटी दार आपटून बाहेर जावं लागतं. बहिऱ्यानं नुसती मान वळवली की पुरतं. मग समोरचा हात हलवत बसतो, हवेशी बोलत. ताईच्या घरात ही युक्ती सगळ्यांना येत होती. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, आई शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. दोघंही जन्मापासून बहिरी. त्यांचं बिनसलं की दोघं दोन भिंतींकडे तोंडं करून बसत, आणि ऐकू येणारी ताई मधे उभी राहून कधी याच्या तर कधी तिच्या पुढ्यात जाऊन निरोप पोचवत असे. दुभाष्याचं काम तिनं तिथेच सुरू केलं, शाळेत नाव घालायच्याही आधी.

पण ती भांडणं संध्याकाळच्या चहापर्यंत टिकायची. या खेपेला आईनं तोंड फिरवलं ते फिरवलंच.

ताई कामावरून परत आली की दाराची घंटी दाबायची. घंटीला आवाज नव्हता, आतल्या खोलीत भिंतीवर दिवा लागायचा. आई उठून दार उघडायची. म्हणजे दिवा दिसत होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. दार उघडलं की मात्र ती पाठमोरी होऊन खिडकीपाशी आपल्या खुर्चीत जाऊन बसे आणि बाहेर बघत राही. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत आणि पाण्याचा एक पाइप, एवढंच होतं. ताई समोर जाऊन उभी राहिली, हात उचलले, की आई मान आणखी वळवायची. एखाद्या लहान मुलानं औषध बघून वळवावी तशी.

"बरं," ताई स्वतःशी म्हणायची, तोंडानं. त्या घरात तोंडानं बोललेलं फक्त तिलाच ऐकू यायचं.

ताईनं पन्नाशी ओलांडली होती. लग्न एकदा जमता जमता राहिलं, मग वडिलांचं आजारपण आलं, मग ते गेले, आणि मग घरात ती आणि आई अशा दोघीच उरल्या. एक धाकटा भाऊ होता, तो दूर नोकरीला. त्याला घरातली भाषा येत होती ती 'जेवलीस का' आणि 'पैसे पाठवतो' एवढीच. फोनच्या पडद्यावर तो मोठमोठ्यानं हात हलवून आईला जेवलीस का विचारायचा, आई हो म्हणायची, आणि आपलं कर्तव्य पार पडलं असं समजून तो फोन ताईकडे द्यायला सांगायचा.

ताई कर्णबधिर मुलांच्या शाळेत दुभाषी होती. शाळेतले बरेच शिक्षक ऐकू येणारे, त्यांना खुणा येत पण मोडक्यातोडक्या. विज्ञानाचे सर फळ्यापाशी बोलत, त्यांच्या बाजूला उभी राहून ताई ते सगळं हातांनी सांगे. तास संपला की पुढच्या वर्गात इतिहास. मग पालकसभा, मग कुणा मुलाला दवाखान्यात न्यायचं असलं तर तिथे, कुणाच्या आईबापांचा कोर्टात दावा असला तर तिथेही. खांदा गेली काही वर्षं दुखत होता. डॉक्टर म्हणाले, हाताला आराम द्या. ताई म्हणाली, देते. हे म्हणजे गवयाला गळ्याला आराम द्या म्हणण्यासारखं होतं.

दुभाष्याचा एक नियम असतो. बोलणारा जे बोलेल तेच सांगायचं, त्यात आपलं घालायचं नाही, त्यातलं काढायचं नाही. आणि तो 'मी' म्हणाला तर आपणही 'मी' म्हणायचं. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टर म्हणाले होते, "मी आता काही करू शकत नाही." ताई आईकडे वळली आणि हातांनी म्हणाली, "मी आता काही करू शकत नाही." आईनं तिच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि क्षणभर दोघींनाही कळेना की हे नक्की कोण म्हणालं. असली वाक्यं माणसाच्या अंगात राहतात. दमणूक म्हणतात ती नुसती खांद्यातच नसते.

तर अशा या ताईच्या आयुष्यात भागीदारी आली.

भागीदारी तिघांची होती. विद्यापीठातला संगणक विभाग, शाळांसाठी टॅबलेट बनवणारी एक कंपनी आणि ही शाळा. तिघांनी मिळून पडद्यावर खुणा करणारी एक बाहुली बनवायची होती. पाठ्यपुस्तकातला कुठलाही धडा निवडला की ती बाहुली तो खुणांच्या भाषेत शिकवणार. मूल घरी असो, आजारी असो, किंवा त्याच्या गावात दुभाषी नसो, बाहुली आहेच. पहिल्या बैठकीत विद्यापीठानं कंपनीचे आभार मानले, कंपनीनं शाळेचे, शाळेनं विद्यापीठाचे, आणि ताईनं ते सगळे आभार हातांनी सांगितले. पण कल्पना चांगली होती, हे तिला पहिल्याच दिवशी पटलं. इतरांना वाटलं होतं की दुभाषी घाबरेल, पोटावर पाय येईल म्हणून कुरकुर करेल. ताईला उलट हायसं वाटलं. बाहुलीला खांदा नसतो. आपण एकदाच सगळं सांगून ठेवू, मग ती सांगत बसेल. मुख्याध्यापिकाबाईंनी शब्दही दिला, बाहुली चालायला लागली की ताईंना अर्धा दिवस काम. अर्धा दिवस म्हणजे काय असतं ते ताईला नीट आठवतही नव्हतं. दुपारी घरी जायचं, पाय वर करून पडायचं आणि हात छातीवर ठेवून गप्प राहायचं, एवढंच तिला सुचलं.

बाहुलीला हात हलवायला शिकवायचे तर आधी खऱ्या माणसाचे हात हवेत. त्यासाठी प्राध्यापकबाईंनी बहिऱ्यांच्या संघातली जुनी मंडळी बोलावली. प्राध्यापकबाई वयानं लहान, मनानं चांगल्या होत्या. त्यांचं म्हणणं, भाषा ज्यांची आहे त्यांच्याचकडून घ्यावी. ताईच्या आईचा संघात मोठा मान. तिच्या हातांची भाषा स्वच्छ, तिच्या शिवणीसारखी, असं लोक म्हणायचे. आईनं ठेवणीतले कपडे काढले, आदल्या दिवशी केस धुतले, आणि ताईच्या आधी तयार होऊन दारात उभी राहिली. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तिला कुणी कामासाठी बोलावलं नव्हतं.

स्टुडिओ म्हणजे विद्यापीठातली एक रिकामी खोली होती. भिंतीला हिरवं कापड, समोर तीन कॅमेरे, काचेपलीकडे कॅमेरावाला. आईला वायरी लावलेले हातमोजे घातले आणि कॅमेऱ्याकडे बघून बोला म्हणून सांगितलं. आईनं सुरुवात झकास केली. पण तिची नजर कॅमेऱ्यावर ठरेना. सारखी बाजूला जायची. ताई बाजूला उभी होती, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आजी पुढची सूचना काय म्हणून मुलीकडे बघतात. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. ताई कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली, तरी आईचं तोंड आपलं भिंतीकडे. कॅमेरावाला काचेतून म्हणाला, "असं नाही जमायचं. नजर हलली की चेहऱ्याचं मोजमाप बिघडतं." मग तपासून बघायला म्हणून ताईला मोजे घातले. ताईला काचेपलीकडचं ऐकू येत होतं, तिला मान वळवायची गरजच नव्हती. सगळं एका दमात झालं.

तिघा भागीदारांनी कोपऱ्यात जाऊन थोडी कुजबुज केली. मग प्राध्यापकबाई आईसमोर येऊन बसल्या. अवघडल्या होत्या बिचाऱ्या. "आजी, तुमच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे," त्या म्हणाल्या. "पण चित्रीकरणासाठी मी तुमच्या मुलीला निवडलं आहे."

आणि नियमाप्रमाणे ताई आईकडे वळली आणि हातांनी म्हणाली, "पण चित्रीकरणासाठी मी तुमच्या मुलीला निवडलं आहे."

आईनं विचारलं, "मग मला कशाला बोलावलं?"

ताईनं ते तोंडानं सांगितलं. प्राध्यापकबाईंनी काहीतरी उत्तर दिलं, ते ताईनं हातांनी सांगायला घेतलं, पण तोवर आईनं मोजे काढून टेबलावर ठेवले होते आणि तोंड फिरवलं होतं. चहा आणि बिस्किटं आली. आईनं बिस्किटाला हात लावला नाही.

घरी परतताना रस्त्यात ताई एकदा आडवी आली, म्हणाली, "मी मागितलं नव्हतं." आई तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी ताईला नाही म्हणता आलं असतं. आपल्या आईला बाजूला सारून आपण उभं राहू नये, एवढं तिला कळत होतं. तिनं तसं ठरवलंही होतं. पण सकाळी जिना उतरताना खांद्यातून कळ आली आणि अर्धा दिवस डोळ्यांपुढे आला. माणूस थकला की त्याची तत्त्वं आधी बसतात, मग तो बसतो. ताई स्टुडिओत गेली.

आठवडे सरत गेले. ताई सकाळी वर्गात उभी राहायची आणि दुपारी हिरव्या कापडापुढे. एकेक धडा, वाक्यावाक्यानं. कधी वायर निघायची, कधी बोट मोजलं जायचं नाही, मग तेच वाक्य पुन्हा. बेडकाचं हृदय, समुद्राचे वारे, अपूर्णांकांचा भागाकार. संध्याकाळी तिचे हात ओल्या कपड्यांसारखे जड झालेले असत. घंटी दाबायची, दिवा लागायचा, दार उघडायचं, आणि आई पाठमोरी.

रुसवा वाढतच चालला होता. आईनं पेपर वाचणं सोडलं, घडी न मोडता तसाच ठेवून द्यायची. ताई मनात म्हणाली, माझा राग पेपरवर काढते आहे. शिवणाचा डबा बंद पडला, ताईच्या गाऊनचं तुटलेलं बटण तसंच राहिलं. भावाचा फोन आला तरी आई पडद्याकडे बघेना, नुसता हात हलवून उठून जायची. भाऊ म्हणाला, "काय गं, आईला काय झालंय?" ताई म्हणाली, "तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात, दुसरं काय." चहा आई करायची, पण ताईच्या कपात ओतताना अर्धा बशीत आणि थोडा टेबलावर सांडायचा. हे मात्र ताईला फार लागलं. इतकं नीटनेटकं माणूस, आणि मुद्दाम असं करावं?

अशाच एका संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा चहा पुसता पुसता ताईचा बांध फुटला. आई नेहमीसारखी खिडकीकडे तोंड करून बसली होती. ताई फडकं टाकून तिच्या बाजूला उभी राहिली. आई बघत नाही हे माहीत होतं, म्हणूनच तिचे हात सुटले.

"मी दमले आहे," ती म्हणाली. "जन्मल्यापासून तुझी जीभ झाले, बाबांचे कान झाले. बँकेत मी, दवाखान्यात मी, शेजाऱ्यांशी भांडायला मी. तुला काय हवं ते जगाला सांगितलं, जगाला काय हवं ते तुला सांगितलं. मला काय हवं ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगायला माझ्याकडे हात तरी कुठे उरले होते? आणि तू रुसून बसतेस. आता सुटू दे मला तुझ्यातून."

आईची मान हलली नाही. मांडीवरच्या हातांनी कपड्याची चुणी धरली, इतकंच. ताईला वाटलं, थंडी वाजत असेल. तिनं खिडकी लावली आणि भाजी चिरायला घेतली. बरं वाटलं तिला, खोटं कशाला बोला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती दुसऱ्या कुणाचं नाही, आपलं स्वतःचं काहीतरी बोलली होती.

मग ते सवयीचंच झालं. रोज नाही, पण अंग फार आंबलं की ताई त्या फिरवलेल्या तोंडाशी बोलायची. भावाची उणीदुणी, मोडलेलं लग्न, काय वाटेल ते. एकदा तर म्हणाली, "तू नसतीस तर मी कोण झाले असते, कोण जाणे." आणि नंतर स्वतःच दचकून आईकडे बघत राहिली. आई खिडकीतल्या पाइपाकडे बघत होती.

त्यानंतर आईनं काही मागणंच सोडलं. बँकेत चल म्हणेना, गुडघ्याच्या डॉक्टरांकडे चल म्हणेना. संघाच्या सभेलाही एकटी जायची, भिंतीला हात लावत, सावकाश. ताईनं ते रुसव्याच्याच खात्यावर मांडलं. आणि सरळ सांगायचं तर तिला जरा मोकळंही वाटलं.

बाहुली तयार झाली. प्राध्यापकबाईंनी शाळेच्या मोठ्या वर्गात चाचणी ठेवली. पुढे मुलं, त्यांच्या बाजूला संघातली जुनी मंडळी, मागे तिन्ही भागीदार. बाहुली एक धडा शिकवणार आणि मग ज्याला जे समजलं ते त्यानं सांगायचं. आई येणार नाही अशी ताईची खात्री होती. आई आली. तेच ठेवणीतले कपडे घालून. एक बटण चुकीच्या काजात गेलेलं होतं, ते बघून ताईला संताप आला आणि लाजही वाटली. आई पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली.

धडा पचनाचा होता. भिंतभर पडद्यावर बाहुली उभी राहिली. गुळगुळीत चेहरा, निळा सदरा, आणि हात ताईचे. स्वतःचे हात दुसऱ्याच्या अंगाला लावलेले बघून ताईनं आपले हात पाठीमागे घेतले. बाहुलीनं एक घास तोंडात टाकला, चावला, खाली ढकलला. मुलं खुदखुदली. घास अन्ननळीतून उतरला, पोटात घुसळला गेला, आतड्यांच्या वळणांतून फिरला. शेवटी तो कुठून बाहेर पडतो हे बाहुलीनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं तेव्हा वर्ग कोसळला. मुलांना समजत होतं. मागे कंपनीच्या मॅनेजरनं मुख्याध्यापिकाबाईंशी हात मिळवला.

आणि एवढा वेळ आई खिडकीकडे तोंड करून बसली होती.

सगळ्यांच्या लक्षात आलं ते. मॅनेजरनं ताईला हळूच विचारलं, "त्यांची काही नाराजी आहे का?" ताईचे कान गरम झाले. घरात काय करायचं ते कर, पण चारचौघांत, माझ्या कामाला, असं? तिनं ठरवलं, आज घरी गेल्यावर हिला धरून समोर बसवायचं आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा.

मुलांनी आपापलं सांगितलं. मग मंडळींची पाळी आली, आणि सर्वांत आधी आई उठली. तोंड अजून खिडकीकडेच. ताई तिच्या समोर उभी राहून तिच्या हातांचं तोंडानं सांगू लागली. 'आता ही काय वाभाडे काढणार,' असं मनात म्हणतच तिनं सुरुवात केली.

"घास तोंडात गेला," आई म्हणाली आणि ताईनं सांगितलं. "दातांनी बारीक केला, लाळेनं ओला केला. नळीतून खाली गेला. पिशवीत घुसळला." आईनं पूर्ण धडा सांगितला, एकही वळण न गाळता, आणि शेवटच्या भागाला तर बाहुलीपेक्षा मजेदार हात केले. मुलं पुन्हा हसली. ताईचा आवाज मात्र मधेच बारीक झाला. खिडकीकडे बघणाऱ्या बाईला हे कुठून कळलं?

आई थांबली नाही. "बाहुली चांगली आहे," ती म्हणाली. "मुलांना उपयोगी पडेल. पण आतली बाई दमलेली आहे. उजवा हात वर नेताना मागे राहतो. वाक्य संपलं की हात खाली पडतात, ठेवल्यासारखे नाही, टाकल्यासारखे. मी या हातांना ओळखते. मीच शिकवलेत ते. तिला जरा बसू द्या."

नियम होता म्हणून ताईनं ते सांगितलं. आपलं काही घातलं नाही, काही काढलं नाही. "आतली बाई दमलेली आहे," भरल्या वर्गात ती मोठ्यानं म्हणाली. "मीच शिकवलेत ते. तिला जरा बसू द्या."

प्राध्यापकबाईंनी हळू आवाजात विचारलं, "पण आजी, तुम्ही तर खिडकीकडे बघत होता. तुम्हाला दिसलं कसं?"

ताईनं हातांनी विचारलं. आईनं उत्तर दिलं आणि ताईच्या तोंडून ते बाहेर पडलं. "मला समोरचं दिसत नाही. समोर बघितलं की मधे काळा डाग येतो. जे बघायचं आहे त्याच्यावरच येतो. म्हणून मी तोंड बाजूला करते. मग कडेनं दिसतं."

मला समोरचं दिसत नाही. सगळ्या वर्गाला सांगून झाल्यावर ते वाक्य ताईपर्यंत पोचलं. आणि त्याच्या मागोमाग पेपर पोचला, सुई पोचली, सांडलेला चहा पोचला, हिरव्या कापडापुढे भिरभिरणारी नजर पोचली. सगळ्यांत शेवटी स्वयंपाकघर पोचलं. ती फडकं टाकून उभी होती ती आईच्या बाजूला. नेमकी बाजूला.

पुढचं थोडक्यात सांगून टाकायला हवं. बाहुली आज कितीतरी शाळांत शिकवते आहे. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, मधलं गेलेलं परत येणार नाही, कडेचं राहील. प्राध्यापकबाईंनी चित्रीकरणाची पद्धत बदलली, आता संघातली माणसंच मोजे घालतात. ताईला अर्धा दिवस मिळाला, तोही फार उशिरा आणि कुरकुरत. हे सगळं नंतरचं. त्या दुपारी वर्ग रिकामा झाला तेव्हा दोघी मायलेकी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, आणि भिंतीपलीकडे खुर्च्या ओढल्याचे आवाज ताईला एकटीला ऐकू येत होते.

ताई समोर वाकून म्हणाली, "कधीपासून?" आईनं तोंड फिरवलं. ताई उठायलाच निघाली, आणि मग तिला कळलं, आता आई ऐकते आहे.

"त्या स्टुडिओच्या आधीपासून," आई म्हणाली. "थोडं थोडं."

"म्हणजे तू रुसली नव्हतीस?"

"रुसले होते की. चांगली रुसले होते." आईच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू आलं. "पण रुसवा असा किती दिवस टिकतो? नंतर मी बघतच होते तुझ्याकडे. तूच समोर यायची बंद झालीस."

ताईला पुढचं विचारायचं नव्हतं. न विचारता घरी जाता आलं असतं, आणि आईनंही बहुधा विषय काढला नसता. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे अवघड प्रश्न विचारलेली बाई होती ती. आपला एक टाळता येईना.

"मी स्वयंपाकघरात जे बोलले ते दिसलं तुला?"

आईनं उजवी मूठ हलवली. हो.

"सगळं?"

"सगळं. चेहरा दिसत नाही, हात दिसतात. आणि रागात तू हात मोठे करतेस."

"मग डोळ्यांचं मला का नाही सांगितलंस?" ताईचे हात पुन्हा मोठे झाले. "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

आई आपल्या बोटांकडे बघावं तशी मान खाली घालून बसली, पण बोटं तिला दिसत नव्हती. मग ती सावकाश, एकेक खूण नीट घडी घातल्यासारखी ठेवत म्हणाली, "तू म्हणालीस, सुटू दे. सांगितलं असतं तर सुटली नसतीस."

ताईनं तोंडावर हात धरला. तिला ओरडून रडता आलं असतं, आईला ऐकू गेलं नसतं. पण आई पुढे झाली आणि तिच्या खांद्याला हात लावला, दुखऱ्या खांद्याला.

"काय झालं?" आईनं विचारलं. "रडतेस का? मला तोंड दिसत नाही तुझं. हातांनी सांग."

ताई उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, जिथून आईला दिसतं तिथे, जाऊन बसली. दोन्ही हात वर केले. उजवा नेहमीसारखा मागे राहिला.

"हो," ती म्हणाली. "रडते आहे मी."